जर्मन भाषेच्या वाटा आणि मराठी विद्यार्थी

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यामध्ये कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयीचा करार झाला, प्रारंभी १०,००० तरुणांना तिकडे पाठविण्याची तजवीज असल्याचे जाहीर करण्यात आले, आणि जी भाषा आजवर पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांची व तेथील सुस्थित कुटुंबांची समजली जात होती, ती अंबड तालुक्यातील शहागडसारख्या गोदाकाठच्या बाजारगावातही चर्चेचा विषय होऊन बसली. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या या गावात नदीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्ह्याची हद्द लागते. अलीकडे ऊस आणि कापूस, पलीकडेही ऊस आणि कापूस. आणि दोन्ही तीरांवरील घरांतून परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुली व आय.टी.आय.मधून वीजतंत्री किंवा जोडारी झालेले मुलगे एकच प्रश्न विचारताना आढळतात, की जर्मन शिकावयाची तर ती कोठे, कोणाकडून आणि कोणत्या पद्धतीने शिकावी.

या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही, याचे कारण जर्मन शिकविण्याची जी साधने आज आपल्या बाजारात आहेत, मग ती पुस्तके असोत, कोश असोत, ध्वनिफिती असोत वा भ्रमणध्वनीवरील अभ्यासक्रम असोत, ती बहुतांशी इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशांसाठी रचलेली आहेत. इंग्रजी मनुष्याला जर्मन शिकताना काय अडते आणि काय सुलभ जाते याचा हिशेब करून त्यांतील धडे लावलेले असतात. मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू होऊन पाव शतक लोटले हे खरे. परंतु तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला इंग्रजी ही बहुधा परीक्षेपुरती येते, आणि त्या अर्ध्याकच्च्या भाषेच्या आधाराने तिसरी भाषा शिकावयास लावणे म्हणजे एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाकडून करून घेण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की मराठी विद्यार्थ्याला जर्मनकडे नेणारी सर्वांत जवळची वाट मराठीतूनच जाते. ती आजवर कोणी नीट बांधलेली नाही, एवढेच.

महाराष्ट्राचा जर्मन भाषेशी आलेला संबंध जुना आहे, आणि त्याचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय आजच्या पेचाचे मूळ कळणार नाही. गेऑर्ग ब्यूलर हे १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि फ्रान्त्स कीलहॉर्न हे १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राच्यभाषांचे अध्यापक म्हणून आले, त्यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा त्यांच्याशी विद्वानांना साजेसा सहवास घडला आणि १८८६ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेला भांडारकर स्वतः उपस्थित राहिले. त्या काळी संस्कृतचे अध्ययन आधुनिक पद्धतीने करू पाहणाऱ्याला जर्मन वाचता येणे अपरिहार्य होते, कारण बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा प्रचंड संस्कृत कोश, जो १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सेंट पीटर्सबर्ग येथून प्रसिद्ध झाला, तो जर्मनमध्ये होता. या कोशकारांपैकी रोट हे ट्युबिंगेनच्या विद्यापीठात अध्यापक होते, आणि ट्युबिंगेन हे नगर, ज्या राज्याशी आपल्या शासनाने आता करार केला आहे, त्याच बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आहे.

लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांनी जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला, तो पाश्चात्त्य ग्रंथकारांचे मूळ लिखाण स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे म्हणून. पुढे विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिन येथे हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकून परतले आणि १९२५ पासून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमधील अध्ययन चालू असतानाच १९२१ मध्ये बॉनच्या विद्यापीठात नाव नोंदविले. आणि इरावती कर्वे यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे मानवशास्त्रात संशोधन करून डॉक्टरेट संपादन केली. ही नामावली गौरवाची आहे. परंतु तिच्यावरून आजच्या विद्यार्थ्याला अनुकरणीय अशी रीत काढता येत नाही. टिळकांना जर्मन वाचावयाची होती, बोलावयाची नव्हती. एकांत, व्याकरण आणि कोश ही तीन साधने त्या हेतूला पुरेशी होती, आणि त्यांची बुद्धी असाधारण होती. ज्या मुलीला स्टुटगार्टच्या रुग्णालयात रात्रपाळीला एखाद्या वृद्धाची अस्पष्ट, अर्धवट झोपेतील तक्रार ऐकून डॉक्टरांना दूरध्वनीवर तिचा नेमका वृत्तान्त द्यावयाचा आहे, तिचा हेतू निराळा, आणि म्हणून तिची वाटही निराळी असली पाहिजे.

इंग्रजीभाषकांसाठी ज्या पद्धती निघाल्या त्यांत सर्वांत जुनी व्याकरण-भाषांतराची. ओलेन्डोर्फ या जर्मन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीत थोडा जिवंतपणा आणला, आणि त्याची पुस्तके युरोपभर खपली. त्याचे धोरण असे की नियम थोडा सांगावा आणि त्यावर प्रश्नोत्तरांची भरपूर वाक्ये घोकून घ्यावी. १८७८ मध्ये बर्लिट्झने अमेरिकेत आपली पहिली शाळा काढली, आणि मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवून केवळ शिकावयाच्या भाषेतच शिकविण्याचा शिरस्ता रूढ केला. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका आल्या, मग रेडिओ. डॉइचे वेले या जर्मन प्रक्षेपण संस्थेने १९५३ मध्ये प्रक्षेपण सुरू केले आणि पुढे जगभरच्या श्रोत्यांसाठी जर्मनचे पाठ तयार केले. आज त्याच संस्थेचा ‘निकोस वेग’ हा चित्रफितींचा अभ्यासक्रम आरंभापासून बी-१ या, म्हणजे सहा युरोपीय पातळ्यांपैकी तिसऱ्या पातळीपर्यंत विनामूल्य उपलब्ध आहे, आणि माझ्या मते घरबसल्या शिकणाऱ्यासाठी त्याच्या तोडीचे दुसरे विनामूल्य साधन नाही. डुओलिंगोसारखी खेळाच्या रूपात शिकविणारी साधने शब्दसंग्रह वाढवितात, रोज थोडे तरी करण्याची सवय लावतात, यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा करू नये. केवळ त्यांच्या बळावर कोणी परीक्षेच्या खोलीत जाऊन समोरच्या परीक्षकाशी पाच मिनिटे बोलू शकेल असे मला वाटत नाही.

या सर्वांत बर्लिट्झची पद्धत मातृभाषेच्या बाबतीत निःपक्षपाती दिसते, कारण तीत कोणाचीच मातृभाषा वापरावयाची नसते. परंतु धड्यांचा क्रम कोणासाठी लावला, कोणत्या गोष्टीवर दिवस घालविले आणि कोणती गोष्ट एका वाक्यात उरकली, यात पक्षपात शिरतोच. इंग्रजी पुस्तकात नामांना लिंग असते ही कल्पना गळी उतरविण्यासाठी पृष्ठेच्या पृष्ठे खर्ची पडतात. इंग्रजीतून व्याकरणिक लिंग जवळजवळ नाहीसे झालेले असल्यामुळे इंग्रजी मनुष्याला टेबल पुल्लिंगी आणि दार स्त्रीलिंगी कसे, हे कोडेच वाटते. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८८० मध्ये या भाषेच्या दुर्बोधतेवर एक दीर्घ प्रकरणच लिहिले, आणि तेव्हापासून जर्मन अवघड ही समजूत इंग्रजीच्या द्वारे जगभर पसरली. आपल्याकडे ती समजूत पुस्तकाबरोबर आयात होते. ज्याच्या स्वतःच्या भाषेत तो, ती आणि ते असे तीन लिंगभेद आईच्या मांडीवर बसल्यापासून आहेत त्याला जर्मनची तीन लिंगे पाहून घाबरण्याचे काही कारण नाही. कोणते नाम कोणत्या लिंगाचे हे मात्र त्याला पाठच करावे लागेल. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे, मुलीला योजावयाचा नित्याचा शब्द नपुंसकलिंगी आहे. परंतु जी मराठी ‘ते पोरगं’ आणि ‘ते लेकरू’ म्हणते तिच्या भाषकाला यात मोठे आश्चर्य वाटू नये.

विभक्तींचेही असेच आहे. मराठी शाळेत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी ही नावे प्रत्येक मुलाने ऐकलेली असतात, आणि जर्मनच्या चार विभक्ती नेमक्या याच आहेत. घोडा या शब्दाचे घोड्याला, माणूस या शब्दाचे माणसाने असे रूप पालटते हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याला नामाचे वाक्यातील नाते बदलले की त्याच्या भोवतालचे रूपही बदलते हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही; जर्मनमध्ये हा बदल मुख्यतः नामाआधी येणाऱ्या उपपदात दिसतो, डेर, डेन, डेम, डेस असा, एवढेच सांगावे लागते. ज्याने आठवी ते दहावी संस्कृत घेतले आहे त्याला तर आणखी एक गुपित उघडे आहे. एखाद्या ठिकाणी जाणे असेल तर द्वितीया आणि तेथे असणे असेल तर निराळी विभक्ती, हा संस्कृतचा नियम. जर्मनमध्येही गती असेल तेथे द्वितीया आणि स्थिती असेल तेथे चतुर्थी येते, आणि इंग्रजी विद्यार्थी ज्या नियमावर महिनेच्या महिने अडखळतो तो संस्कृतच्या विद्यार्थ्याला एका तासात पटतो.

वाक्यरचनेकडे वळले तर साम्य अधिकच स्पष्ट होते. ‘मला हे आवडते’, ‘मला थंडी वाजते’ अशी वाक्ये मराठीत अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत ठेवून बोलली जातात. जर्मनही हेच करते, आणि ‘मीर गेफेल्ट डास’ किंवा ‘मीर इस्ट काल्ट’ ही वाक्ये मराठी मनुष्याला शब्दशः आपलीच वाटतात, तर इंग्रजी मनुष्याला कर्त्याची जागा बदलून विचार करावा लागतो. गौण वाक्यात जर्मन क्रियापद अखेरीस जाते, ‘कारण मी आजारी आहे’ यातील ‘आहे’ जसे शेवटी येते तसेच. दोन क्रियापदे एकत्र आली की मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलले जाते, तेही आपल्या सवयीचे. संख्यांमध्ये जर्मन आधी एकक आणि मग दशक उच्चारते. एकवीस, पंचवीस, चौतीस म्हणणाऱ्या मराठी मुलाला हा क्रम उलटा वाटत नाही, आणि दूरध्वनीवर सांगितलेला क्रमांक लिहून घेताना इंग्रजी विद्यार्थ्याची जी त्रेधा उडते ती त्याची उडण्याचे कारण नाही. ‘हाल्प द्राय’ म्हणजे अडीच वाजले, हेही अडीच या शब्दाची घडण ज्याला ठाऊक आहे त्याला चटकन उमगते. आदरार्थी संबोधनाचे तर सांगावयासच नको. तू आणि तुम्ही यांतील अंतर कोठे राखावे आणि कोठे मोडावे, हे मराठी माणसाला कोणत्याही पुस्तकाने शिकवावे लागत नाही.

उच्चारांच्या बाबतीत मराठवाड्याच्या विद्यार्थ्यापाशी एक विशेष ठेवा आहे, आणि त्याकडे आजवर कोणाचे लक्ष गेलेले मला दिसले नाही. जर्मनमधील शब्दारंभीचा ‘त्स’ हा उच्चार इंग्रजी जिभेला जड जातो. परंतु मराठीत चाक, चमचा या शब्दांतील च आणि चहा, चिमणी यांतील च हे निरनिराळे आहेत, आणि चाकातील च हा जर्मन ‘त्स’च्या अगदी शेजारचा आहे. घशातून काढावयाचा जो ‘ख’ जर्मनमध्ये पदोपदी येतो तो पुण्याच्या विद्यार्थ्याला सराव करून साधावा लागतो. परंतु शहागड, अंबड, गेवराई या टापूत, जेथे बाजारात, बसस्थानकावर आणि शेजारीपाजारी दखनी उर्दू रोज कानी पडते, तेथील मुलाला ख़बर आणि ख़त यांतील ख़ बालपणापासून ओळखीचा असतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये उर्दूत चालत. शेतसाऱ्याच्या पावतीपासून जमिनीच्या दस्तऐवजापर्यंत सर्व दफ्तर त्या भाषेत असे. घरी मराठी बोलणाऱ्या कित्येकांनी त्या काळी उर्दू शिकून मुनसफीपर्यंत मजल मारली, आणि ती त्यांनी इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकलेली नव्हती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकविण्यासाठी एक स्वतंत्र भाषांतर विभाग चालविला. मराठवाड्याच्या आजोबांच्या पिढीने परकी कारभारी भाषा आपल्या भाषेच्या आधाराने आत्मसात केली, हे उदाहरण पुण्यामुंबईच्या इतिहासापेक्षा आपल्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे आहे.

मराठीच्या आधाराचे दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींसाठी मराठीत बहुधा ‘ला’ हाच प्रत्यय लागतो. ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला दिले’ यांतील ‘त्याला’ एकच, जर्मनमध्ये ते दोन निराळे. म्हणून विभक्तीची कल्पना असूनही नेमकी येथेच मराठी विद्यार्थ्याची चूक होते, आणि प्रत्येक क्रियापद कोणती विभक्ती मागते याची यादी त्याने वेगळी बनवावी हे उत्तम. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी ठेवण्याचा जर्मन नियम मराठीच्या स्वभावाविरुद्ध आहे. ‘उद्या मी पुण्याला जाईन’ हे वाक्य जर्मनमध्ये ‘उद्या जाईन मी पुण्याला’ अशा क्रमाने म्हणावे लागते, आणि ही सवय केवळ बोलून बोलूनच जडते. ओठ गोल करून उच्चारावयाचे दोन स्वर मराठीत नाहीत. देवनागरीत लिहिलेल्या जर्मनवर विसंबणाऱ्याचे उच्चार तेथे कायमचे बिघडतात, तेव्हा रोमन लिपीतील जर्मन पहिल्या दिवसापासून वाचावी आणि ऐकावी. इंग्रजी अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. पाणी, घर, हात, बोट, उन्हाळा, हिवाळा अशा शेकडो नित्याच्या शब्दांत इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या बहिणी आहेत, आणि जेथे शब्दसंग्रहाचा प्रश्न आहे तेथे इंग्रजीचा हात धरावा. जेथे व्याकरणाचा प्रश्न आहे तेथे मराठीचा.

आता प्रत्यक्ष शिक्षणाच्या सोयींकडे पाहू. जर्मन शासनाच्या साह्याने चालणारी ग्योथे इन्स्टिट्यूट १९५१ मध्ये म्युनिक येथे स्थापन झाली. भारतात तिला मॅक्स म्युलर भवन म्हणतात, आणि पुणे व मुंबई येथील तिची केंद्रे शिकविण्याच्या दर्जाबद्दल सर्वमान्य आहेत. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, आणि जर्मनचे अनेक उत्तम शिक्षक तेथून तयार झाले. मुंबई विद्यापीठातही जर्मनचा स्वतंत्र विभाग आहे. मराठवाड्यासाठी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात परकीय भाषांचे शिक्षण मिळते. पण ते शहागडहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर दूर, आणि रोज एस.टी.ने जाऊन-येऊन भाषा शिकणे मुलग्यांना कठीण तर मुलींना बहुधा घरच्यांच्या विरोधामुळे अशक्य.

पुण्यात अकरावी-बारावीला मराठीऐवजी जर्मन घेण्याची जी रीत गेली अनेक वर्षे चालली आहे तिच्याविषयी मला परखडपणे लिहावेसे वाटते. गुण अधिक मिळतात म्हणून घेतलेली जर्मन परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली जाते, आणि तिच्यापायी मराठीचे दोन वर्षांचे वाचन हातचे जाते; ज्या भाषेच्या आधाराने जर्मन उत्तम शिकता आली असती तीच भाषा जर्मनसाठी टाकून देण्याचा हा व्यवहार दोन्ही भाषांना तोट्याचा आहे. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन वगळून संस्कृत ठेवण्यावरून देशभर वाद झाला, तेव्हाही संस्कृत आणि जर्मन या परस्परांच्या वैरिणी असल्याप्रमाणे दोन्ही पक्ष भांडले. जर्मन विद्वानांनी संस्कृत व्याकरणातील तत्पुरुष, बहुव्रीहि, द्वंद्व ही समासांची नावे जशीच्या तशी उचलून आपल्या भाषाशास्त्रात रुजविली, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

खाजगी वर्गांचे पीक मात्र सर्वत्र आले आहे. त्यांच्या जाहिरातींतील आश्वासने तपासून पाहण्यास एक साधा हिशेब पुरेसा आहे. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये रूढ केलेल्या भाषाज्ञानाच्या सहा पातळ्यांपैकी बी-२ ही चौथी. परिचारिकेला जर्मनीत आपली पदवी मान्य करून घेऊन नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी साधारणपणे याच पातळीचा दाखला लागतो. शिकाऊ उमेदवारीसाठी बहुधा बी-१ मागतात, आणि पतीकडे किंवा पत्नीकडे जाणाऱ्याला ए-१ तरी लागते. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे बी-२पर्यंत पोहोचण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या तर ३०० ते ४०० दिवस झाले, म्हणजे सुट्या वगळून दीड वर्ष. सहा महिन्यांत हे उरकावयाचे तर रोज चार तासिका आणि घरचा अभ्यास निराळा, आणि दुसरे कोणतेही काम नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना जर्मनसाठी तीस ते छत्तीस आठवडे पूर्णवेळ बसविते, यावरूनही या कामाचा आवाका कळतो. जो वर्ग शेतीत राबणाऱ्या किंवा दवाखान्यात पाळ्या करणाऱ्या मुलामुलींना थोडक्या महिन्यांत बी-२ देण्याचा वायदा करतो आणि सर्व शुल्क आगाऊ मागतो, त्याच्या दारात न जाणेच शहाणपणाचे. घरातील दागिना मोडून किंवा रान गहाण टाकून हे शुल्क भरले जाते, म्हणून हे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

शासनाच्या योजनेत भाषाशिक्षणाचे काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे सोपविण्यात आले, आणि शिकणाऱ्यावर शुल्काचा बोजा पडू नये अशी योजना होती. हेतू निःसंशय चांगला; परंतु ज्या जिल्ह्यांत जर्मन जाणणारे शिक्षक बोटांवर मोजण्याइतके, तेथे एकदम शेकडो विद्यार्थ्यांचे वर्ग काढण्यापेक्षा आधी शिक्षक घडविणे अगत्याचे होते. जर्मनीची गरज काही वर्षांत संपणारी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतर आणि गतिशीलतेविषयी करार झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचा निर्णय जर्मनीने जाहीर केला. तेव्हा एका वर्षाने उशीर झाला तरी चालेल, पण पाया कच्चा नको.

शहागडसारख्या गावी काय शक्य आहे, याचा विचार स्थानिक जीवनक्रमाला धरूनच केला पाहिजे. या पट्ट्यातून दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. ज्या मुलामुलींना घर व धाकटी भावंडे सांभाळत मागे राहावे लागते त्यांच्याच हाती हा अभ्यास अनेकदा असतो. त्यांच्यासाठी रोजचा वर्ग दूरस्थ पद्धतीने, सायंकाळी, आणि आठवड्यातून एक दिवस गावातील शाळेत प्रत्यक्ष एकत्र बसून बोलण्याचा सराव, ही रचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. दूरस्थ वर्ग शिक्षकाला शहरात राहू देतो आणि विद्यार्थ्याला गावात. पण समोरासमोर बसल्याशिवाय बोलण्याची भीड मोडत नाही, आणि परीक्षेच्या चार भागांपैकी, म्हणजे ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांपैकी, गावाकडील विद्यार्थी बोलण्यातच अधिक कचरतो. त्या साप्ताहिक वर्गासाठी जर्मनचा तज्ज्ञच हवा असे नाही; शाळेतील संस्कृतच्या किंवा मराठीच्या शिक्षकाने स्वतः बी-१पर्यंत शिकून घेतले तर तो विद्यार्थ्यांच्या विभक्तींच्या चुका पुण्याच्या शिक्षकापेक्षा लवकर ओळखील, कारण चूक मराठीतून कशी उगम पावते हे त्याला दिसेल.

एका गोष्टीची पूर्वसूचना शिकणाऱ्याला आधीच मिळावी. पुस्तकातील प्रमाण जर्मन आणि स्टुटगार्टच्या रस्त्यावरील बोली यांत पुष्कळ अंतर आहे. त्या राज्यात श्वेबियन आणि आलेमानिक बोली अभिमानाने बोलल्या जातात, आणि १९९९ पासून खुद्द राज्य शासनाने जी प्रचारमोहीम चालविली तिचे घोषवाक्य असे होते की आम्हांला सर्व काही येते, केवळ प्रमाण जर्मन येत नाही. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या परिचारिकेला हीच बोली दिवसभर ऐकावी लागते. मराठवाडी बोलीत वाढून शाळेत पुण्याची प्रमाण मराठी शिकलेल्या मुलीला हे दुहेरी वर्तन परके नाही. तिला फक्त कोणी आगाऊ सांगितलेले असावे, म्हणजे पहिल्या आठवड्यात आपली दीड वर्षाची मेहनत वाया गेली असे वाटून ती खचणार नाही. त्याच राज्यात उच्च शिक्षणाला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की जर्मनीतील शासकीय विद्यापीठे बहुतांशी शुल्क घेत नसली तरी बाडेन-वुर्टेम्बर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते.

राहिला पाठ्यपुस्तकाचा प्रश्न. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी जे पहिले पुस्तक हवे त्यात लिंगांची व विभक्तींची ओळख थोडक्यात उरकून द्वितीया आणि चतुर्थी यांच्या भेदाला ऐसपैस जागा द्यावी. गौण वाक्यांकडे इंग्रजी पुस्तकांपेक्षा बरेच आधी वळावे. क्रियापद दुसऱ्या स्थानी ठेवण्याचा सराव प्रत्येक पाठात करून घ्यावा. आणि संभाषणे रुग्णालय, कारखाना, भाड्याची खोली, नगरपालिकेतील नोंदणी यांभोवती रचावीत, युरोपच्या सहलीभोवती नव्हे. रानडे इन्स्टिट्यूटचा एखादा जर्मनचा अध्यापक, मराठवाड्यातील एखादा अनुभवी संस्कृत शिक्षक आणि जर्मनीत काही वर्षे नोकरी केलेली मराठी परिचारिका असे तिघे एकत्र बसले तर पहिल्या भागाचा मसुदा एका शैक्षणिक वर्षात होण्यास अडचण नसावी. छपाईचा खर्च भाषाशिक्षणासाठी होणाऱ्या तरतुदीतूनच निघू शकेल, आणि पहिल्या वर्षाच्या प्रती अंबड, घनसावंगी, गेवराई व पैठण या चार तालुक्यांतील शाळांत वाटून, तेथील शिक्षकांच्या सूचना घेऊन मगच दुसरी आवृत्ती राज्यभर काढावी.